विटांच्या कपाटातली खीर

सेक्टर दोन, भिलाई
२३ मे १९६१

ज्यांच्या हातानं गोंदियात गाड्या रूळ बदलतात त्या आमच्या वडील मेहुण्यांना, जानरावजींना, देवाजीचा जयभीम. तुमचा गुडघा कसा आहे? (डावा विचारतो, उजवा बरा असल्याचं मागच्या पत्रात होतं.) वहिनींचा खोकला हटला असेल. तुमची बहीण रुक्मा आणि आमची कांता तिकडे येऊन आज पंधरा दिवस झाले. पोरगी जेवते का, जेवलेलं पचतं का, हे तुम्ही कळवलं नाही. तुम्ही लिहिलं एवढंच की, रुक्मा परत जायचं नाव काढत नाही, काय झालं ते सविस्तर लिहा. म्हणून सविस्तर लिहून राहिलो. माणसानं दोन्ही बाजू ऐकाव्या, आणि एक बाजू तर तुमच्याच घरात बसून ताक घुसळत असेल.

तुम्हाला माहीत आहे, मी सत्तावन्न साली इथं डोक्यावर घमेलं घेऊन आलो. आज भट्टीच्या आतली वीट लावणारा मिस्त्री आहे, हाताखाली दहा माणसं आहेत. वीट बोटानं ठोकली की आवाजावरून सांगतो, आत चीर आहे की नाही. रशियन साहेबसुद्धा आधी माझ्या तोंडाकडे पाहतो आणि मग विटेकडे. आता विचार करा. भट्टीच्या आत लोखंड पाण्यासारखं वाहतं, आणि भिंतीच्या या बाजूला आम्ही आरामात बिडी ओढतो. कशामुळे? वीट गरमी ओलांडू देत नाही म्हणून. जी वीट एवढ्या आगीला अडवते, ती भिलाईच्या वैशाखाला अडवणार नाही का? तुम्ही रेल्वेतले असलात तरी तुम्हाला हे पटेल.

म्हणून मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात फुटक्या विटांचं एक कपाट बांधलं. (विटा टाकून दिलेल्या होत्या. गेटपास आहे, पाहिजे तर दाखवतो.) दुहेरी भिंत, मध्ये राख, वर फरशी आणि पुढे लोखंडी दार असं घट्ट, की मुंगीनं आत जायचं म्हटलं तर तिला अर्ज करावा लागेल. साहेब लोकांच्या बंगल्यात बर्फाची अलमारी असते, तिला वीज लागते. माझ्या कपाटाला काही लागत नव्हतं. आजवर आमच्या घरी काय होतं? ओल्या वाळूत रोवलेलं मडकं, छताला शिंकं, आणि एक जाळीचं कपाट, ज्याचे चारही पाय पाण्याच्या वाटीत. मला वाटायचं, कारखान्यात विसावं शतक चाललं आहे आणि घरात आपण अजून वाटीत पाय बुडवून बसलो आहोत.

रुक्मानं दोन दिवस कपाटासमोरून नुसतं झाडून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाहेरची गरमी आत येनार नाही, मानलं. पन आतली गरमी बाहेर जाईन कुठून? तिले बी गेटपास देता का तुमी?" शेजारच्या गिरजाबाई तर दार उघडून आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "देवाजीभाऊ, ह्याच्यात भाकरी बी भाजता येतीन का?" बायका हसल्या. माझे कान तिखट, ते हसणं मला पाणवठ्यापासून चौकापर्यंत ऐकू आलं. मग मी हट्टाला पेटलो आणि जाहीर केलं की बुद्धपौर्णिमेची खीर यात ठेवीन, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांसमोर दार उघडीन.

इथं मी दोष कोणाला देऊ? पहिला दोष दुधाचा. आमचा राऊत (इथं गवळ्याला राऊत म्हणतात) दूध सकाळी आणतो आणि त्याच्या हंड्यात ते आधीच निम्मं रागावलेलं असतं. त्याला विचारलं तर म्हणतो, "गरमी के दिन हे भइया, दूध बिचारा घलो का करही?" (म्हणजे दूध बिचारं तरी काय करील.) दुसरा दोष खीर गरमच आत गेली याचा, रात्री जेवायला आलेले पाहुणे उठायच्या आत ती त्यांच्यासमोर ठेवायची होती, निवेपर्यंत मला थांबवलं नाही. तिसरा दोष पौर्णिमेचा, जी हिवाळ्यात आली असती तर कोणाचं काही बिघडलं नसतं. दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टीवरचे पाच जण ओसरीत बसले होते. दार उघडलं. भांडं हाताला कोमट लागलं. थोडी खीर कांताच्या पोटात गेली. मीही खाणारच होतो, पण बी शिफ्टची वेळ झाली.

रात्री पोरीला उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात डॉक्टरनी विचारलं, काय खाल्लं? रुक्मानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ऊन लागलं असेल. (ऊन होतंच त्या दिवशी.) चार दिवस तिच्या हाताला सुई लावलेली होती. चार वर्षांची पोर, खाटेवर चादरीची घडी वाटत होती. पाचव्या दिवशी उठून बसली आणि तिनं मुरमुरे मागितले, तेव्हा मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. घरी आल्यावर रुक्मा भांडली नाही. भांडली असती तर मी निभावून नेलं असतं, वीस-पंचवीस वाक्यं तयार होती. तिनं फक्त ट्रंक भरली आणि स्टेशनवर एवढंच म्हणाली, "भावाकडं पोरीले ताजं भेटन."

आता माझं ऐका. अन्न घरात आपोआप टिकतं असा माझा समज होता. तुमची बहीण दिवसभर काय करत होती ते आता एकेक कळून राहिलं. दूध एकदा तापवून ठेवलं, दुपारी फाटलं. दोनदा तापवलं, संध्याकाळी फाटलं. मडक्याची वाळू ओली करायला विसरलो, तर मडकं माझ्यापेक्षा गरम. वाटीतलं पाणी आटलं आणि मुंग्यांची फौज गुळावर चढली. मी गूळ झटकून चहात टाकला, मुंग्या तरंगल्या, त्या काढून चहा प्यालो. शिल्लक भातात पाणी घालून ठेवायचं, हे मला माहीत होतं. सकाळी त्यात थोडं मीठ टाकून बसलो, पण एकट्यानं तो घास खाली उतरत नाही. कोथिंबीर ओल्या फडक्यात गुंडाळली, फडक्याला बुरशी आली. तुरीच्या डाळीला एरंडेल चोळायचं राहिलं, आता डाळ डब्यात स्वतःहून चालते. मी ड्यूटीवरून येतो, दार उघडतो, आणि आधी वास घेतो की आज काय गेलं. रोज काही ना काही गेलेलं असतं.

त्या कपाटाचा विषय मी संपवला आहे. परवा घण घातला, विटा मागे रचून ठेवल्या. तेव्हा रुक्माला सांगा, घर पूर्वीसारखं झालं. तुमच्याकडच्या लहानथोरांना जयभीम, आणि कांताच्या डोक्यावरून माझ्या नावानं हात फिरवा.

तुमचा
देवाजी

ता. क. दूध या दिवसांत किती वेळा तापवायचं आणि झाकण पूर्ण लावायचं की अर्धं, एवढं रुक्माला विचारून कळवा. गिरजाबाईंना विचारू शकतो, पण त्या सांगताना हसतात.

ता. क. दुसरा. घण घातला असं वर लिहिलं ते खरं नाही. कपाट उभं आहे. झालं असं की गिरजाबाईंनी त्यात दह्याचं विरजण ठेवून पाहिलं, दोन तासांत सुरीनं कापावं असं दही लागलं. आता सगळ्या ओळीतल्या बायका भांडी आणून ठेवतात आणि मला ‘दहीवाले मिस्त्री’ म्हणतात. मान मिळतो म्हणून मी गप्प राहिलो. रोज एक वाटी दही माझ्यासाठी ठेवून जातात. मी ते मांजरीला घालतो.

ता. क. तिसरा. बी शिफ्टला अजून तास होता. दार उघडलं तेव्हा रुक्मानं वास घेऊन स्पष्ट म्हटलं होतं, "फेका हे." मी वाकलो होतो, खीर बारीक फसफसत होती, ते मला ऐकू आलं होतं. ओसरीत पाच माणसं बघत होती. मी स्वतः चमचा तोंडाला लावला नाही. कांताला मांडीवर घेतलं, आणि तिला माझ्या हातानं भरवली, तीन चमचे. तिनं चौथ्याला तोंड फिरवलं म्हणून तीन. हे दवाखान्यात सांगितलं नाही, वरच्या चार पानांत सांगितलं नाही, आता सांगतो. तुम्ही पत्रं ओसरीत मोठ्यानं वाचता, तेव्हा रुक्मा ऐकत असेल. उठून आत गेली असली तर एवढा भाग तिच्याजवळ जाऊन वाचा. आणि जानरावजी, तिचं उत्तर तुमच्या मनानं गोड करून लिहू नका. ती बोलेल तसं लिहा. शिवी दिली तर शिवी लिहा. काहीच बोलली नाही, तर नुसता माझा पत्ता घालून कोरं कार्ड टाका. मी ते वाचीन.