नेत्रबुद्धिवर्धकाचं बूच

कर्जत, कार्तिक वद्य एकादशी

ते बूच अजून टेबलावर पडलं आहे.

धाकट्या वन्संना तिन्हीसांजेला दिसेनासं झालंय. लाखवातींचा नेम अर्ध्यावर अडला. डॉक्टरांनी माशाचं तेल सांगितलं तर कानांवर हात ठेवले, आणि नेरळ स्टेशनावरच्या फेरीवाल्याकडून ‘नेत्रबुद्धिवर्धक’ मात्र गुपचूप घेतलं! लेबलावर नुसती स्तुती, आत काय आहे त्याचं एक अक्षर नाही. मी बूच हुंगलं. चक्क दारू! आणि मी इथल्या दारूबंदी मंडळाची चिटणीस!

तरीच आठवडाभर आरती एवढ्या खड्या आवाजात चालली होती.

सांगितलं तेव्हा वन्सं रडवेल्या झाल्या. “वहिनी, आज एकादशी. मोडली का हो?”

“नकळत घेतलंत. नाही मोडली.”

मग डोळे पुसून म्हणाल्या, “मग उद्या सांगायचं होतंत की! संध्याकाळचा चमचा राहिलाय.”

रागवायचं होतं, हसूच फुटलं. बाटली मोरीत ओतली. उद्यापासून शेवग्याचा पाला, आणि माशाशिवाय दुसरं काय चालेल ते डॉक्टरांना विचारायचं. हे लिहिताना बूच पुन्हा हुंगलं. शंकाच नाही.

आजच्या वाती मी वळल्या. वन्संनी बोटांनी चाचपून निम्म्या परत केल्या.