शेवटची रीळ

येलहंका,
फेब्रुवारी १९६३

प्रिय पद्माकर,

सुई आपल्या सिनेमाच्या पडद्यातच खोचून ठेवली आहे आणि अंगणात पसरलेल्या त्या पडद्याच्या कडेला बसून लिहिते आहे. वाऱ्यानं तो काल पुन्हा उसवला. तुझे अण्णा म्हणाले, स्वल्प दोन टाके घाल. तंबूतल्या प्रत्येक गोष्टीचं दोन टाक्यांत भागतं असं त्यांना वाटतं.

गेल्या आठवड्यात शेजारच्या विमलाअक्कांबरोबर शहरात येऊन तुझं थिएटर पाहिलं. तुला कळवलं नाही. मॅनेजरची आई म्हणून नव्हे, तिकीट काढून बसायचं होतं. खुर्ची मऊ होती, पाय आखडले नाहीत, प्रत्येक शब्द ऐकू आला. विमलाअक्का तर म्हणाल्या, भागीरथी, इथं नुसतं झोपायलासुद्धा तिकीट काढावं. मग त्या एकदा मोठ्यानं हसल्या, तशी दारावरच्या माणसानं त्यांच्या तोंडावर बॅटरी मारली. त्यानंतर त्या चित्र संपेपर्यंत गप्प होत्या. आपल्या तंबूत सिनेमाचं यंत्र एकच. रीळ बदलेपर्यंत दिवे लागतात आणि तेवढ्यात अख्खा तंबू भांडून घेतो, नायिकेनं घर सोडायला हवं होतं की नको. तुझ्याकडे दिवे लागले तेव्हा लोक दाराकडे निघालेले होते. माझ्या शेजारी कोण बसलं होतं ते मला कळलंच नाही.

तंबू तुझ्या थिएटरच्या कंपनीला द्या, ती तिथं पक्कं थिएटर बांधेल, हे तुझं सांगणं मला चुकीचं वाटलं नव्हतं. पाऊस आला की आपला खेळ बंद. पण भर तंबूत, लोकांसमोर, वाळूवर बसवून किती दिवस सिनेमा दाखवणार अण्णा, असं म्हणायला नको होतं. तेही कमी बोलले नाहीत. तुमची थिएटरं म्हणजे साच्यातले पेढे, म्हणाले. तू उठलास आणि गाडीला गेलास. शेवटची रीळ राहिली होती.

आपला नियम तुला ठाऊक आहे. शहराच्या गाडीसाठी ज्यांना आधी उठावं लागतं त्यांना दुसऱ्या दिवशी खेळाआधी शेवटची रीळ दाखवायची. चित्र न पाहिलेल्यांनी तोवर बाहेर चहा प्यायचा. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्या बायका ती रीळ पाहून गेल्या. यंत्र चालवणाऱ्या कृष्णमूर्तीनं विचारलं, सगळे झाले ना, रिळांची पेटी बंद करू? हे म्हणाले, एक जण राहिलाय. पण पेटी परत पाठवायचीच होती. गेली.

काल तीच पेटी पुन्हा आली. ह्यांनीच मागवली. गावानं हे चित्र पोटभर पाहिलं आहे, आता कोण येणार, असं मी विचारलं तर यंत्र पुसत राहिले. शनिवारी आधी शेवटची रीळ लावणार, एवढंच म्हणाले. तुला बोलावणं त्यांच्या तोंडून येणार नाही, म्हणून मी लिहिते आहे. कंपनीचं काही काढू नकोस. माफीही मागू नकोस. ये आणि वाळूवर बस.

तुझीच,
आई

ता. क. आज सकाळी पत्र टाकायला निघाले तर हे पडदा बांधायला शिडीवर चढलेले. पत्र कुणाला, म्हणून विचारलं. मी सांगितलं. गाठ मारून झाल्यावर वरूनच म्हणाले, लिही त्याला, गाडी उशिरा आली तरी आम्ही सुरू करत नाही.