तिसऱ्या सिलेंडरचं कॉम्प्रेशन

दादा, आज मढला जाऊन आले. त्या पिकअपकडे. वीस वर्षं मी त्या घरावरून जाताना मान दुसरीकडे वळवत आले, तुम्हाला ठाऊक आहे. पण गेल्या आठवड्यात तिच्या मालकाचाच फोन आला. म्हणाला, "पोरी, सून म्हंती गाडी भंगारात घाला, तितं गोठा बांदायचाय. त्याच्या आदी एकदा इंजिन उघडून बघ. माजा पाय कशानं गेला ते तरी कळू दे मला." एका पायाच्या म्हाताऱ्याला नाही कसं म्हणणार? बरं म्हटलं आणि चार दिवस उगाच टाळत राहिले. आज सकाळी बॅटरी, गेज आणि पाने गाडीत टाकले आणि डिंगोऱ्यातून निघाले, तर रस्त्यात दोनदा थांबून पाणी प्यायले. तहान कसली, तेवढंच जायचं लांबवत होते.

तुमच्या गॅरेजात मी एकोणिसाव्या वर्षी पाना धरला तेव्हा लोक बघायला यायचे. बाई गाडीखाली झोपलीय म्हणून. तुम्ही त्यांना चहा पाजायचात आणि माझ्यावर डाफरायचात. "नटाचे कोपरे खाऊ नकोस, फिक्स पाना ठेव आणि रिंग पाना घे, किती वेळा सांगू?" रिंग पाना नटाला चारी बाजूंनी धरतो, घसरत नाही, पण घाईत मला तो कधी सापडायचा नाही. टॅपेट सेट करायचे असले की आपली वाटणी ठरलेली होती. पुढचे दोन सिलेंडर माझे, मागचे दोन तुमचे. व्हॉल्व्हच्या डोक्यावर केसाएवढी फट सोडायची, फिलर गेजची पातळ पट्टी त्यात अडत अडत सरकली पाहिजे. फट नाही राहिली तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, दाबलेली हवा तिथून निसटते, आणि इंजिन गरम झालं की आणखीच निसटते. हे तुम्ही मला भाकरी खाताखाता ताटातल्या मिठावर बोटानं काढून दाखवलं होतं. आई ओरडली होती, अन्नात रेघोट्या काय मारता म्हणून.

ती पिकअप आपण सेट करून दिली आणि चौथ्या दिवशी कल्याणला टोमॅटो टाकून परत येताना माळशेज चढत असताना तिची ओढ गेली. इंजिन बंद पडलं, त्यासरशी ब्रेक दगडासारखा घट्ट होऊन दबेना, गाडी मागं घरंगळली. मालकानं उडी टाकली आणि पाय चाकाखाली गेला. त्याचे भाऊबंद गॅरेजात आले तेव्हा तुम्ही कॉटन वेस्टनं हात पुसत उभे राहिलात आणि म्हणालात, "चूक माझी. माझ्या पोरीचा यात काही संबंध नाही." गाडी त्यांनी ओढून नेली आणि शेडात घातली, ती कायमचीच. ते गेल्यावर मी तुम्हाला काय बोलले, ते लिहूनच ठेवते. "तुम्ही आता पाना धरू नका, दादा. माणूस मारला असता." तुम्ही पाना ठेवला. नंतर पाच वर्षं, जाईपर्यंत, तुम्ही माझ्या दारात बसून सायकलींचे पंक्चर काढलेत. एवढा मोठा फिटर! आणि मी ते होऊ दिलं.

मढला पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. सून शेतात गेलेली, वस्तीवर चिटपाखरू नाही, उन्हात पत्रा तेवढा तडतडतोय. म्हातारा शेडाच्या दारात बाजेवर, कुबड्या शेजारी. मला म्हणाला, "आता गेला बग तो. येताना गाठ न्हाई पडली?" मी विचारलं, कोण? त्यानं कुबडी उचलून गाडी दाखवली. गाडीवर बोटभर धूळ, आणि बॉनेटवर डाव्या बाजूला एका तळहाताएवढी जागा स्वच्छ. असेल, कोंबडी बसत असेल, असं मी मनाशी म्हटलं. कोंबडी कुठं दिसली नाही.

वीस वर्षं उभं असलेलं इंजिन जाम असणारच, म्हणून मी पुलीला लांब पाना लावून सगळा जोर काढला आणि तोंडावर आपटता आपटता राहिले. पुली गर्रकन फिरली. म्हातारा हसला. "तुजा बाप यायचा ना यष्टीनं, म्हैन्याच्या म्हैन्याला. हातानं फिरवून जायचा, जाम हू नाय म्हनून. मी लई वेळा म्हनलं, राव, उगड की ते कवर, बघू कुनाची चूक. म्हनायचा, नगं, आत काय हाय ते मला ठावं हाय." तुम्ही तर विहारात बैठक आहे म्हणून सांगून जायचात, दादा! मी म्हटलं, "बाबा, दादांना जाऊन पंधरा वर्षं झाली." म्हातारा म्हणाला, "मंग? म्हनून यायचं थांबतंय व्हय?"

मी कामाला लागले. दुसरं काय करणार? हीटर प्लग काढले, बॅटरी जोडली, चावी लावून ठेवली, पहिल्या भोकात दाब मोजायचा गेज बसवला आणि बॉनेटखाली मान घालून सवयीनं ओरडले, "दादा, सेल्फ मारा." सेल्फ लागला. काटा झपकन चढला. "बस." थांबला. दुसऱ्याला गेज लावला, पुन्हा ओरडले, पुन्हा लागला, काटा तसाच वर. तिसऱ्याला काटा जेमतेम हलला. चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा पाहिलं, तुम्ही शिकवल्यासारखं, कारण रिंगा झिजलेल्या असतील तर ऑइलनं दाब वाढतो. काडीचा फरक नाही. म्हणजे व्हॉल्व्ह. चौथा चांगला निघाला. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की कुबड्यांवरचा म्हातारा एवढ्या चटकन आत कसा चढला असेल, म्हणून बाजूला होऊन पाहिलं. म्हातारा बाजेवर होता. आत कुणी नव्हतं. सीटवरची धूळ मात्र मधोमध दबलेली होती.

"सेल्फ कुणी मारला?" माझा आवाज फाटला. म्हातारा शांतपणे म्हणाला, "हाक कुनाला मारलीस?"

पळून यायला हवं होतं. पण तिसरा मागच्या दोनांतला, दादा, तुमच्या वाटणीचा. खरं सांगते, त्या भीतीतसुद्धा मला आत कुठंतरी बरं वाटलं. चूक तुमची निघत होती. मी कव्हर उघडलं. तिसऱ्याच्या एका व्हॉल्व्हवर फट नव्हतीच, सगळ्यात पातळ पट्टीही शिरेना. मग नट दिसले. चौथ्याचे कोरे करकरीत, रिंग पान्याचे. तिसऱ्याचे कोपरे फिक्स पान्यानं खाल्लेले, पहिल्या-दुसऱ्यासारखेच. तेव्हा आठवलं. पिंपरी पेंढारचा एक टेम्पोवाला आला म्हणून तुम्ही दहा मिनिटं बाहेर गेला होतात. माझे दोन झाले होते. तुम्ही परत आल्यावर शाब्बास म्हणाल म्हणून तिसराही मीच उरकला. तुम्ही आलात, नट पाहिलेत, हसलात, चौथा केलात आणि कव्हर लावलंत. तिसऱ्यात पट्टी घालून पाहिली नाहीत. माझ्यावर भरवसा ठेवलात, तेवढीच तुमची चूक.

रिंग पाना घेऊन मी फट नीट केली. म्हातारा कुबड्या टेकत जवळ आला. "मग पोरी? कुनाची चूक?" सांगायला एवढी चांगली वेळ पुन्हा यायची नव्हती. आणि मी म्हणाले, "दादा म्हणायचे तेच खरं, बाबा." त्यानं मान हलवली. म्हणाला, "चांगला मानूस व्हता. चुका मान्सांच्याच हातून व्हत्यात." मग मी सगळं परत जोडलं, बाटलीतलं डिझेल दिलं आणि पुन्हा ओरडले, "दादा, सेल्फ मारा." काही झालं नाही. तीनदा हाक मारली. शेवटी मीच आत चढून चावी फिरवली. गाडी थोडा वेळ खोकली आणि चारी सिलेंडरवर लागली. म्हातारा रडत होता. मला रडू आलं नाही, नुसती लाज वाटत होती.

हे पत्र पाठवायचं तर मढला त्या म्हाताऱ्यालाच पाठवायला हवं, आणि ते मी पाठवणार नाही, मला माहीत आहे. त्याच्यासमोर उभं राहायचं धैर्य माझ्यात नाही. पण तुमच्याशी तरी खोटं नको. वर मी "तेव्हा आठवलं" असं लिहिलंय. मी कधी विसरलेच नव्हते, दादा. तुम्ही त्या लोकांसमोर "चूक माझी" म्हणालात, तेव्हाही मला माहीत होतं.