मागच्या अंगणातलं वायफाय

२ फेब्रुवारी

ह्यांचा वर्ग पुन्हा तुटला! निम्मं प्रमेय मुलांपर्यंत पोचलं, निम्मं लिंबाच्या झाडात अडकलं. आमचं वायफाय मागच्या दारापर्यंत येतं आणि उंबऱ्यावरच रुसून बसतं.

"घरात बसून शिकवा ना," म्हटलं. नुसती मान हलवली. घशातली गाठ काढल्यापासून आवाज घोगरा झालाय. डॉक्टर म्हणतात, "गाठ साधी होती. बोलत राहा, आवाज सुटेल." पण चार भिंतींत तो घुमतो आणि ह्यांना स्वतःचाच ऐकवत नाही. अंगणात विरून जातो म्हणे. शाळेत जायचं तर नावच नको. जन्मभर गणित शिकवलेला माणूस — दिवसभर तोंड मिटून झाडांना पाणी घालतो! मुख्याध्यापिकांनी लॅपटॉपवरून शिकवायला कसंबसं राजी केलं, तर नेटची ही तऱ्हा.

आज हळूच म्हणाले, "जाऊ दे. बंदच करू हे."

मुळीच नाही!

३ फेब्रुवारी

माळ्यावर जुना राऊटर सापडला. नणंदेला फोन लावला, ती नेटवर्कचंच काम करते. "वहिनी, सोपंय गं. हॉलमधल्या राऊटरपासून वायर काढ आणि मागच्या खोलीच्या खिडकीत हा जुना ठेव. आतल्या बाजूला हं, भिजला तर गेला. तिथून अंगणात नेट मिळेल."

सोपंय म्हणे!

५ फेब्रुवारी

वायर ओढली. हॉल, बोळ, मागची खोली — भिंतीच्या कडेकडेने खिळे ठोकत. अंगठा टम्म. हे दारात उभे. "वाकडी गेलीये."

गणिताचे मास्तर ना! पण किती दिवसांनी आपणहून बोलले. म्हणून पुढची मुद्दाम आणखी वाकडी ठोकली.

६ फेब्रुवारी

सत्यानाश! जुना राऊटर जोडला आणि अख्ख्या घराचं नेट गेलं. लेकीची ऑफिसची मीटिंग चालू होती. "आई! काय केलंस?" नणंद फोनवर हसून हसून बेजार.

"अगं, राऊटर घरातल्या प्रत्येक फोनला पत्ता वाटतो. आता दोघंही पत्ते वाटायला बसलेत!"

"मग रमी खेळतायत का?"

"एका घरात दोन कारभारणी झाल्यात, वहिनी. धाकटीला सांग, तू फक्त निरोप पोचव."

टाचणीने जुन्या राऊटरचं मागचं बटण दाबून धाकटीची पाटी कोरी केली. तिला स्वतःचा वेगळा पत्ता दिला, पत्तेवाटप बंद केलं. नाव आणि पासवर्ड थोरलीचेच. मग वायर लावली. डोळे मिटले. उघडले.

आलं! लिंबाखाली, पार कुंपणापर्यंत सगळ्या रेघा भरलेल्या! मी अंगणात चक्क नाचले. शेजारीण बघत होती. बघू दे.

९ फेब्रुवारी

वर्ग एकदाही तुटला नाही! मी खिडकीत भाजी निवडायचं नाटक करत ऐकत होते. मध्येच एक मुलगी म्हणाली, "सर, पुन्हा सांगा ना." ह्यांचा चेहरा पडला.

"ऐकू नाही आलं?"

"आलं, सर. कळलं नाही."

हसले! खरंखुरं, खळखळून. मग तेच गणित तीन तऱ्हांनी सांगितलं. मी निवडलेली भाजी टाकली आणि देठं शिजायला घातली. लेक म्हणाली, "आई, आज लक्ष कुठंय?"

१० फेब्रुवारी

विशेष काही नाही. धुणं वाळलं.

१६ फेब्रुवारी

आता खुर्चीत बसवत नाही ह्यांना. उभं राहून हातवारे करतात. पोरं ओरडतात, "सर, नुसतं पोट दिसतंय!" वर्ग संपला तरी कुणाकुणाच्या शंका चालूच. जेवण गार. मी आज हाक मारली नाही.

२० फेब्रुवारी

सकाळी वर्गाची वेळ झाली तरी अंगण रिकामं. वाटलं, नेट गेलं आणि पुन्हा रुसले! खिडकीतल्या राऊटरचे दिवे बघितले — सगळे हिरवे. लॅपटॉप टेबलावर, बंद. चपला नाहीत.

तेवढ्यात मुख्याध्यापिकांचा फोन. "अहो, सर न सांगताच आलेत. नववीच्या वर्गात शिकवतायत. शेजारच्या वर्गातल्या बाई तक्रार घेऊन आल्यात — सरांना आवाज जरा कमी करायला सांगा म्हणून!"