मामांच्या बशीत पडलेली पट्टी

सिंदी (रेल्वे)
१२ जानेवारी २००२

प्रिय रक्षा,

हे सगळं फोनवर बोलता आलं नसतं. फोन बैठकीत, आणि तुझे बाबा त्याला चिकटून. मी रिसीव्हर ठेवायच्या आत 'काय म्हणे पोरगी?' सुरू होतं. म्हणून लिहायला बसले.

आधी एक दुःखाची बातमी. माझी कणकेची परात गेली. बाबांनी तिच्यात प्लास्टर ऑफ पॅरिस कालवलं आणि ते हलवता हलवताच दगड झालं. कापडाच्या दुकानदाराला हे उद्योग कुणी सांगितले, असं मी विचारलं, तर म्हणे, "तू चूप राह्य, टेबल धर."

बैठकीच्या छताच्या कडेची ती प्लास्टरची नक्षीची पट्टी पुन्हा लावायला घेतली त्यांनी. हो, तीच. तिचं नाव काढलं की तुला काय होतं ते मला ठाऊक आहे. तुला बघायला आलेले पाहुणे बसले होते, तू मुलाच्या मामांच्या हातात पोह्यांची बशी देऊन मागे वळलीस, आणि हातभर पट्टी थेट त्या बशीत. कुणाला लागलं नाही. मामांच्या मिशांवर पांढरं पीठ बसलं आणि मला मेलीला हसू आलं. दोन दिवसांनी मध्यस्थ बापूराव निरोप घेऊन आले, "पोरगी चांगली हाये, पण पायगुणाचं भेव वाटते त्याइले." गावभर झालं ते. तू पुण्याची नोकरी धरलीस, आणि तेव्हापासून दिवाळीलाही घरी आली नाहीस. मीही कधी आग्रह केला नाही. कोणत्या तोंडानं करणार होते?

मागच्या महिन्यात तुझं पत्र आलं. नीलेशशी लग्न ठरवलंस, ते कचेरीत सही करून करणार, त्याच्या आईवडिलांना सिंदीला मात्र आणणार नाहीस. बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि ते थेट माळ्यावर चढले. तेव्हा पडलेल्या पट्टीचा गोणपाटात बांधून ठेवलेला तुकडा खाली आणला, उलटा केला. पाठीला आपल्या दिवाळीच्या पुताईचे, दरवर्षीच्या रंगीत चुन्याचे पापुद्रे चिकटलेले. वर निळा, तुझ्या बारशाच्या वर्षीचा. नखानं खरवडला तर खाली पिवळा, मग गुलाबी. पट्टी भिंतीला चिकटलीच नव्हती गं, चुन्याला चिकटली होती. मिस्त्री म्हणाला होता, आधी भिंत खरवडू द्या. पण पाहुणे रविवारी यायचे होते आणि बाबांना घाई.

या वेळी त्यांनी स्वतः खरवडलं, पार सिमेंट दिसेपर्यंत. छिन्नीनं टोचे मारले, पाणी मारलं. मग दोन स्टुलांवर आम्ही दोघं उभे, अंतरपाट धरल्यासारखी पट्टी धरून. सुकेपर्यंत हलायची सोय नाही. तेव्हा ते वर बघतच म्हणाले, "रक्षाची आई, ते माह्या घाईनं पडलं. पोरगी इतके वर्षं सोताले दोष देऊन राह्यली अन् मी काई बोललो नाई." त्यांचे डोळे वाहत होते आणि पुसायला दोघांचाही हात मोकळा नव्हता. मला त्यांचा राग आला होता, अजूनही थोडा आहे. पण त्या वेळी त्यांची फार दया आली.

तुला हे स्वतः सांगायचा त्यांना धीर होत नाही, म्हणून मी सांगते. तुझ्या पायगुणानं काही पडलं नव्हतं. नीलेशला आणि त्याच्या आईवडिलांना घेऊन ये, आपल्याच बैठकीत बसव. पट्टी लागल्यापासून बाबा रोज सकाळी मामांच्याच त्या खुर्चीवर, बरोबर तिच्याखाली, पोह्यांची बशी घेऊन बसतात. खाऊन झालं की बशी मला दाखवतात, एक कणसुद्धा पडला नाही म्हणून. रोज पोहे करून मी कंटाळले आहे. आता कुणी खरे पाहुणे आण.

तुझीच,
आई