तीन खरी वाक्यं

कोपरखैरणे,
रविवार, ता. २५ ऑक्टोबर १९९८

सौ. सुनयनावहिनींना ज्ञानेश्वरीचा नमस्कार.

तुमच्याकडे कोरेगावला दिवाळी नीट झाली असेल. इथे सगळे ठीक. आईचे गुडघे तसेच आहेत. मनस्वीला सहामाहीत गणितात पन्नासपैकी पन्नास मिळाले. तिचा वरचा एक दात पडला आहे, दुसरा हलतो आहे. शाळेची व्हॅन सात वीसला येते, त्याआधी तिची वेणी मी घालते.

पत्राचं कारण वेगळं आहे. भाऊबिजेला मी दादाला ओवाळलं, तेव्हा त्याने ताटात पाकिटाऐवजी विंडोज ९८ ची सीडी ठेवली. म्हणाला, "घरच्या कॉम्प्युटरवर टाक. आधी सगळं फॉरमॅट मार, जुनं काही ठेवू नको." मी म्हटलं, ९५ वरच ९८ चढवता येतं, पुसायची गरज नसते. "नको नको, कचरा कशाला ठेवायचा," म्हणाला. इतकी वर्षं मशीन बंद करायलाही मला हाक मारणाऱ्या दादाला फॉरमॅट हा शब्द माहीत आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

काल मशीन उघडलं. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असल्यामुळे आत फोडणीच्या तेलाचा चिकट थर आहे आणि त्याला धरून धूळ बसली आहे. पॉवर सप्लायच्या मागे झुरळांची अंडी होती. कीबोर्ड उलटा करून आपटला तर तंबाखूची चूर आणि नखांचे तुकडे पडले. दादा नखं कीबोर्डसमोर बसून कापतो. हात तीनदा धुतले, तरी वास गेला नाही.

पुसण्याआधी मी नेहमी सगळ्याची यादी करते. दादा कामावर गेल्यावर तुम्ही मराठी टायपिंगच्या परीक्षेचा सराव करायचात, त्या चौदा फायली अजून आहेत. दादाने उघडू नये म्हणून त्या फोल्डरला मी सिस्टिमचं वाटेल असं नाव दिलं होतं. त्याने तो खरंच उघडलेला नाही. फायली ठेवायच्या की पुसायच्या ते कळवा.

आणखी एक. या वर्षी १२ मार्चला तुम्ही कुठे होतात, आठवतं का? बॅकअपच्या तारखा लावायला उपयोग होईल.

उत्तर माझ्या वाशीच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा, घरी टपाल उशिरा मिळतं. कोर्टाचं जे चाललं आहे त्याबद्दल मी काही लिहीत नाही. तो तुम्हा दोघांचा प्रश्न आहे.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार.

तुमची,
ज्ञानेश्वरी



कोपरखैरणे,
रविवार, ता. १५ नोव्हेंबर १९९८

सुनयनावहिनी,

तुमचं आंतरदेशीय पत्र बुधवारी ऑफिसात मिळालं. एवढ्याशा ओळी आहेत. मी त्या इथे पुन्हा उतरवते, म्हणजे उत्तर देताना मला त्यातलं काही गाळता येणार नाही.

"वन्सं, फायली ठेवा. १२ मार्चला होळी होती. मी दिवसभर पुरण वाटत होते, तुम्ही दोनदा वाटी घेऊन आलात. नोटिशीबरोबर आलेल्या कागदांत शेवटच्या पानावर तुमच्या नावाची सही आहे. ती तुमचीच का?"

हो. माझीच.

मागच्या पत्रात मी बॅकअपच्या तारखांचं लिहिलं ते खोटं होतं. बॅकअपला तुमच्या होळीची गरज नसते. घरी टपाल उशिरा मिळतं हेही खोटं. घरी टपाल दादा फोडतो.

ते पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी मला ती फाइल सापडली होती. दादाची समजूत अशी आहे की फाइल डिलीट केली म्हणजे गेली. ती रिसायकल बिनमध्ये जाऊन पडते आणि तिथून कोणी काढेपर्यंत तशीच राहते, हे त्याला ठाऊक नाही. फाइल डॉक्टरांच्या दाखल्याची आहे. मनस्वीला ताप आला की आपण ज्यांच्याकडे नेतो त्या डॉक्टरांचं नाव आणि पत्ता वर ठळक अक्षरांत टाइप केला आहे. खाली, सुनयना उदयसिंह जगदाळे यांना भास होतात, त्यांच्या ताब्यात लहान मूल देणं धोक्याचं आहे. तारीख १२ मार्च. नोटिशीबरोबर तुम्हाला हाच दाखला आला असेल, सही आणि शिक्क्यासह. तो शिक्का कुठे मिळाला ते मला माहीत नाही.

ऑफिसात मी दिवसभर जुन्या प्रोग्रॅममधल्या तारखा तपासते, सन दोन हजार उजाडल्यावर त्या चुकू नयेत म्हणून. सवयीने याही फाइलची तारीख पाहिली. फाइल ६ सप्टेंबर १९९८ ला, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी तयार झाली आहे. म्हणजे मार्चचा दाखला सप्टेंबरात लिहिला गेला, तोही आपल्या घरात. त्याच माहितीत आणखी एक ओळ असते, लेखकाचं नाव. तिथे माझं नाव आहे. तो प्रोग्रॅम मी माझ्या नावाने बसवला होता, त्यामुळे त्यावर कोणीही काही लिहिलं तरी लेखक म्हणून ज्ञानेश्वरी जगदाळे लागतं.

६ सप्टेंबर हा रविवार होता. मी घरी होते, बाहेरच्या खोलीत पेपर वाचत. आतून प्रिंटरचा आवाज आला. एक पान निघालं, थांबला, पुन्हा तेच पान निघालं असावं. दादा रविवारी दुपारी झोपतो आणि प्रिंटरला हात लावत नाही. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या. मी पेपरचं पान उलटलं.

आता सहीचं.

१४ सप्टेंबरला सकाळी दादा रजा टाकून मला वाशीला नोटरीकडे घेऊन गेला. कागदावर माझ्या नावाने तीन वाक्यं होती. सुनयना या एकट्या असताना पुटपुटत असत. त्यांची बोटं सतत हलत असत. हाक मारली तरी त्यांचं लक्ष नसे.

मी दादाला विचारलं, "हे कशासाठी?"

"टेन्शन घेऊ नको. खोटं थोडंच लिहिलंय? पुटपुटायची की नाही?"

"पुटपुटायच्या."

"बोटं हलवायची?"

"हो."

"मग? जे बघितलंस तेवढंच आहे. एक शब्द जास्त नाही. तुला आवडतं ना तसं."

वहिनी, तिन्ही वाक्यं खरी आहेत. तुम्ही भाजी चिरताना कुठल्या बोटाला कुठलं अक्षर ते म्हणायचात. कणीक मळून झाली की ओट्यावर बोटं चालवायचात. आई हाक मारायची आणि तुम्ही ओळ पूर्ण झाल्याशिवाय ओ द्यायचा नाहीत. तसं करायला मीच सांगितलं होतं. परीक्षेला मिनिटाला तीस शब्द लागतात आणि कॉम्प्युटर तुम्हाला दिवसातून एकच तास मिळायचा, म्हणून म्हटलं, मशीन नसेल तेव्हा तोंडाने आणि बोटांनी करा. हे त्या कागदावर नव्हतं. ते लिहायला सांगितलं असतं तर फोल्डर कोणी लपवला हेही निघालं असतं. मी तेवढं वाचवलं. नोटरीने पेन पुढे केलं, मी सही केली आणि पावणेदहाला ऑफिसात हजर होते. मस्टरवर उशिराची लाल खूण लागू दिली नाही.

मूल तुमच्याकडून काढून घेण्यासाठी ती सही आहे हे मला माहीत नव्हतं, असं लिहावंसं वाटत होतं. वरचा मजकूर मी वाचला नाही. पण उन्हाळ्याच्या सुट्टीला तुम्हाला माहेरी सोडून जूनमध्ये दादा एकट्या मनस्वीला घेऊन आला, "तिला आराम हवा" म्हणाला, तेव्हापासून मी या घरात राहते आहे. वाचलं नाही म्हणून माहीत नव्हतं, असं होत नाही.

स्वतःची किळस येणं म्हणजे काय ते मला आधी माहीत नव्हतं. त्या कीबोर्डला हात लावल्यावर आली होती तशीच, फक्त ही धुऊन थोडीही कमी होत नाही.

जुनी डिस्क मी पुसलेली नाही. पूर्ण काढून घेतली, कापडात गुंडाळून ऑफिसच्या कपाटात ठेवली आहे. फाइल फ्लॉपीवर उतरवून तुम्हाला पाठवता आली असती, पण फ्लॉपी मागाहून केली असं कोणीही म्हणू शकतं. मूळ डिस्क पाहिजे. आमच्या साहेबांना विचारून दुसरी जुनी डिस्क आणली आणि तिच्यावर विंडोज ९८ टाकलं. ते व्यवस्थित चालतं. दादाने पडदा पाहिला, सुरू होतानाचा आवाज दोनदा ऐकला आणि म्हणाला, "एकदम क्लीन." शेजारच्या चांगुणाबाईंना बोलावून दाखवलं. "आमच्या ज्ञानानं केलं," म्हणून. मी चहा करायला गेले.

तुमचं पत्र आल्यावर मी ठरवलं की कोर्टात कळण्याआधी त्याला माझ्याकडून कळावं. आज दुपारी जेवणं झाल्यावर मनस्वीला चांगुणाबाईंकडे पाठवलं आणि सांगितलं. फाइल सापडली, डिस्क माझ्याकडे आहे, ३० तारखेच्या सुनावणीला मी कोर्टात सही कशाची केली ते सांगणार आहे.

तो आधी हसला. मग म्हणाला, "लेखक म्हणून नाव कोणाचं आहे त्यात?"

म्हणजे त्याला माहीत होतं. ते माझ्यावर उलटवता येईल हे मला सुचलंही नव्हतं.

"माझं," मी म्हटलं.

"मग? तू इंजिनिअर. मला तर फाइल डिलीट पण करता येत नाही, तूच म्हणतेस. जज कोणाला धरेल, सांग की."

"तेही सांगेन. त्या रविवारी मी घरी होते हेही सांगेन."

"तुला अक्कल आहे का? नोकरी जाईल."

"जाऊ शकते."

आई तोवर ताटं आवरत होती. ती म्हणाली, "ज्ञाना, भाऊ हाय तुझा. उद्या तुझ्या लग्नात अक्षता टाकायला कोण येनार, ती?" तिने हातातली ताटं खाली ठेवली. मग ती म्हणाली, "आन सही केलीस तवा तुझा हात कुणी धरला व्हता का?"

या घरात आज एवढं एकच वाक्य सरळ बोललं गेलं.

दादाने डिस्क मागितली. मी नाही म्हटलं. त्याने माझी पर्स ओतली, कपाटातले माझे कपडे बाहेर टाकले, गादी उचलून पाहिली. आई "अरं बस, अरं बस" म्हणत होती, पण कपडे उचलायला तीच वाकली. शेवटी तो म्हणाला, "निघ इथून. आत्ताच्या आत्ता." मी म्हटलं, उद्या मनस्वीला सात वीसच्या व्हॅनमध्ये कोण बसवणार? तो सहा वाजता रबाळ्याच्या शिफ्टला निघतो, आईला जिने उतरवत नाहीत. तो चपला घालून बाहेर निघून गेला. त्याचं मन बदललं असं समजू नका. त्याला फक्त दुसरी सोय करायला वेळ लागेल. ती व्हायच्या आत माझं सगळं नीट कागदावर आलं पाहिजे.

म्हणून हे पत्र आजच लिहिते आहे आणि उद्या रजिस्टर्ड पोस्टाने टाकते. ते तुमच्या वकिलांना दाखवा. त्यांना सांगा की जुन्या सहीचा कागद मागे घेण्यासाठी मला कुठे आणि कधी यावं लागेल ते ऑफिसच्या पत्त्यावर कळवावं, आणि डिस्क कोर्टात कोणाच्या हातात द्यायची तेही. मी ती वाटेत कोणाकडे देणार नाही. तुमच्या चौदा फायली त्याच डिस्कवर आहेत. पहिली जानेवारीची, शेवटची १० एप्रिलची, म्हणजे तुम्ही कोरेगावला गेलात त्याच्या आदल्या दिवसाची. पहिल्या फाइलमध्ये एका ओळीत अकरा चुका आहेत, शेवटच्या पूर्ण पानात दोन. भास होणाऱ्या बाईच्या चुका अशा कमी होत जात नाहीत, हे न्यायाधीशांना समजेल असं मला वाटतं. त्यांनी विचारलं तर मी समजावून देईन.

लेखकाच्या नावाचं काय होईल ते मला माहीत नाही. तुमचे वकील म्हणू शकतात की मीच लिहिलं. तसं म्हणून मनस्वी लवकर तुमच्याकडे येणार असेल तर त्यांनी तेही म्हणावं. मी नाकारेन, कारण मी लिहिलं नाही. पण म्हटलं म्हणून राग धरणार नाही.

मनस्वीला यातलं काही सांगितलेलं नाही. ती विचारते, आई कधी येणार. आजवर मी तिला "लवकर" म्हणत होते. आज तसं म्हटलं नाही. ३० तारखेला सोमवारी मी आईला भेटणार आहे, एवढंच सांगितलं. तिने विचारलं, "मग तू आईला काय सांगशील?" मी म्हटलं, तू सांग, काय सांगू. ती म्हणाली, "सांग की दुसरा पण दात पडला."

पडला आहे, शुक्रवारी.

कोर्टात मला पाहून बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नका. माफी मी या पत्रात मागितलेली नाही. ती मागण्याइतकं मी अजून काही केलेलं नाही. ३० तारखेनंतर बघू.

तुमच्याविरुद्ध सही केलेली,
ज्ञानेश्वरी