कर्जमुक्तीचा कप्तान

२ जानेवारी
संकल्प: दीड वर्षात कार्डांचं कर्ज साफ. तीन कार्डं, तीन लाख ऐंशी हजार. दोन हिच्या नावावर, एक माझ्या. कोणी किती उडवले ते उगाळण्यात अर्थ नाही (विशेषतः टीव्हीचे). हिने कात्री आणून तिन्ही कार्डं कापली. ही दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे; दुखतंय ते उपटायचं, हा बाणा तिथलाच. या मोहिमेचं नेतृत्व मी करतो म्हणालो. ही म्हणाली, नेतृत्व नको, हप्ता भर.

४ जानेवारी
चौथं कार्ड आहे हे सांगायचं राहून गेलं. मुद्दाम नाही. कात्री फार लवकर आली. अडीअडचणीला एखादं असावं.

१९ जानेवारी
रोज बाहेरची कॉफी म्हणजे पैशाचा चुराडा. म्हणून कॉफी मशीन घेतलं. चौथ्या कार्डावर. वर्षभरात वसूल. हिला सांगितलं, शोरूममध्ये सर्वांत जास्त टाइल्स विकल्याचं बक्षीस. हिने दवाखान्यात सगळ्यांना कौतुकाने सांगितलं. जरा वाईट वाटलं. कॉफी झकास होते.

११ फेब्रुवारी
हिने स्कूटर विकली. पंचावन्न हजार थेट कर्जात. आता दोन बस बदलून जाते. चालणं तब्येतीला चांगलं असतं, असं मी म्हणालो. ही काही बोलली नाही. मौन म्हणजे संमती.

७ मार्च
टाइल्सना उठाव नाही, कमिशन शून्य. माझा हप्ता चौथ्या कार्डावरून पैसे उचलून भरला. पण वेळेवर! हिने पाठीवर हात ठेवला. म्हणाली, मला वाटलं नव्हतं तुला जमेल. कितीतरी दिवसांनी असं बोलली. मलाही क्षणभर खरंच वाटलं.

७ एप्रिल
तसंच.

१६ मे
वसुलीवाल्यांचे सारखे फोन. उचलत नाही. अनोळखी नंबर उचलू नयेत, हल्ली फार फसवणूक चालते.

१७ मे, संध्याकाळी
वसुलीवाल्याने दवाखान्यात फोन केला. चौथ्या कार्डाच्या फॉर्मवर तिथला नंबर मीच दिला होता. पेशंटसमोर हिला ऐकून घ्यावं लागलं. भांडण होणार म्हणून मी चार मुद्दे कागदावर काढून ठेवले. ही भांडलीच नाही. किती, एवढंच विचारलं. चाळीस हजार म्हणालो. ही म्हणाली, त्याने एक लाख बारा हजार सांगितले. मी म्हणालो, व्याज धरून सांगितले असतील. मग हिने विचारलं, ते मशीन बक्षीस मिळालं होतं ना? मी म्हणालो, एका अर्थी. हिने चहा टाकला. एकच कप. मुद्दे वाया गेले.

२५ मे
ही बहिणीकडे राहायला गेली. तिथून दवाखाना एका बसवर आहे, त्यामुळे व्यवहाराच्या दृष्टीने योग्यच. चार दिवसांचा प्रश्न. कपाटातला तिचा कप्पा मात्र जरा जास्तच रिकामा वाटतो.

९ जून
संकल्प: रोजचा खर्च लिहायचा. पै न् पै.

२८ जून
उद्यापासून.

३० नोव्हेंबर
हिचा फोन आला. हिच्या दोन्ही कार्डांवर आज शून्य. ठरल्यापेक्षा सात महिने आधी. रविवारी दुसऱ्या दवाखान्यातही बसत होती म्हणे. आवाज थकलेला, पण हलका. मी मनापासून म्हणालो, बघ, जमलं की नाही आपल्याला!
ही म्हणाली, आपल्याला? आणि फोन ठेवला.

३० नोव्हेंबर, संध्याकाळी
माझ्या दोन्ही कार्डांचं मिळून एकच कर्ज करून देणारी एक बँक सापडली आहे. हप्ता कमी, डोक्याला ताप नाही. लगेच फॉर्म घेऊन आलो. नाव, पत्ता, पगार, सगळं सुवाच्य अक्षरात भरलं.
शेवटी एक चौकट आहे, पती किंवा पत्नीच्या सहीची.
बाकी फॉर्म पूर्ण आहे.